आई-वडिलांसाठी बिनतारी कीबोर्ड आणि माऊस घेताना

तुमचे आई-वडील इंदूरला रामबागेत एकटे राहतात आणि तुम्ही बाहेरगावी, त्यामुळे ब्लूटूथऐवजी छोटा यूएसबी रिसीव्हर असलेलाच संच घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन. ब्लूटूथची जोडणी तुटली की ती पुन्हा जुळवण्यासाठी बहुधा चालू स्थितीतला दुसरा माऊसच लागतो, आणि हे फोनवरून समजावणे किती कठीण असते ते मी अनुभवले आहे. असे रिसीव्हर सहसा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात; शेजारच्या यूएसबी ३.० पोर्टला हार्ड डिस्क जोडलेली असल्यास त्यात व्यत्यय येऊन माऊस अडखळतो, म्हणून रिसीव्हर दूरच्या पोर्टमध्ये किंवा लहानशा एक्स्टेंशन वायरवर लावावा.

माऊस तळहातात भरेल एवढा असावा. प्रवासासाठीचे चपटे माऊस थरथरत्या बोटांना मुळीच सोयीचे नसतात. विंडोजमध्ये डबल-क्लिकचा वेग कमी करून ठेवावा, आणि शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर उघडणारी स्टिकी कीजची (एकत्र दाबायच्या कळा एकेक करून दाबू देणाऱ्या सोयीची) खिडकी बंद करून टाकावी, कारण ती अचानक समोर आली की आई घाबरून संगणकच बंद करते (निदान आमची तरी करायची).

आर.एन.टी. मार्गावरच्या दुकानात वडिलांना सोबत नेऊन अक्षरे चष्म्याविना वाचता येतात का, ते पाहावे. मराठी लिहायचे असल्यास इनस्क्रिप्टची (भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कळ-मांडणीची) देवनागरी अक्षरे छापलेला कीबोर्ड मागावा. चार्जिंगपेक्षा साधे पेन्सिल सेल बरे, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात.