आधी त्याच्या पत्राला उत्तर लिहा

प्रश्न : माझा धाकटा भाऊ पाच वर्षांपूर्वी मिशनरी म्हणून परदेशी गेला. आमची मंडळी त्याच्या सेवेसाठी दान गोळा करते आणि त्याचं मासिक पत्र प्रार्थना सभेत वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आहे. पण वाचताना मला अवघडायला होतं. तो लिहितो काय, तर शेजारच्या मुलाला सायकल शिकवली, रस्त्यात एका बाईनं त्याला तिथलाच समजून पत्ता विचारला, बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी आलं म्हणून सगळी गल्ली आनंदली. सभेत लोक विचारतात, ‘बाप्तिस्मे किती झाले?’ मी काय सांगू? हल्ली तो भाग मी गाळूनच वाचते. शेवटी ‘तिकडे काय चाललंय, सविस्तर लिही’ असं असतंच, पण इथे रोजचं तेच, त्याला काय लिहिणार? दानाचा हिशेब तेवढा पाठवते. त्याचं मन न दुखवता, कामाचं काही लिही, असं त्याला कसं सांगू?
– एक थोरली बहीण

ताई, भावाला काय सांगायचं ते राहू द्या. पाच वर्षांत तुम्ही त्याला एक तरी पत्र लिहिलंत का?

तुमच्या मजकुरात ते वाक्य किती सहज येऊन गेलंय! ‘सविस्तर लिही असं असतंच.’ जणू पत्र संपवायची ती एक रीत आहे. ती रीत नाही हो, ती मागणी आहे. पाच वर्षं, दर महिन्याला एक पत्र, म्हणजे साठेक वेळा तुमच्या भावानं घरची खबर मागितली आणि प्रत्येक वेळी त्याच्या हाती आकड्यांचा कागद पडला. मला याचा राग आला, आणि तो मी लपवणार नाही. त्याचं मन दुखेल याची काळजी तुम्हाला आज वाटतेय. ते केव्हाचं दुखत असेल, हे तुमच्या ध्यानातच आलेलं नाही.

तो सायकलीचं का लिहितो, कधी विचार केलात? परदेशी सेवेला गेलेल्या माणसाला तिथे लहानपणापासून ओळखणारं कोणी नसतं. त्यानं केलेला विनोद कोणाला कळत नाही. पहिली एकदोन वर्षं साधं ‘दार लावून घ्या’ म्हणतानासुद्धा जीभ अडखळते, आणि चारचौघांत हुशार म्हणून वावरलेला माणूस दिवसभर पोरासारखा चुका करत फिरतो. रात्री खोलीवर आल्यावर आज काय झालं ते सांगायला माणूस नसतं. मग तो ते कागदावर सांगतो. तुम्हाला सांगतो, कारण बहीण तुम्ही आहात. आपल्याला जसं पत्र यावं असं त्याला वाटतं, तसंच तो लिहितोय.

आणि ज्या गोष्टी तुम्ही गाळता ना, त्यात त्याचं सगळं काम आहे. ज्या बाईनं त्याला पत्ता विचारला, तिला त्याच्या चालण्याबोलण्यात परकेपणा दिसला नाही. तिथवर पोचायला त्याला किती दिवस त्या रस्त्यांवरून चालावं लागलं असेल! ज्या आईनं आपलं पोर आणि त्याची सायकल त्याच्या हाती सोपवली, तिच्या घरात उद्या कोणी आजारी पडलं तर पहिली हाक त्यालाच जाईल. मागे धावत, एका हातानं सीट धरून, मग हळूच हात काढून घेत त्यानं त्या मुलाला शिकवलं असेल. हे कामाचं नाही, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

बाप्तिस्म्यांचा आकडा मागणाऱ्यांना विल्यम कॅरींचं सांगा. 1805 साली मराठीचं व्याकरण छापणारे इंग्रज मिशनरी, तेच. ते बंगालमध्ये उतरले नोव्हेंबर 1793 मध्ये आणि कृष्ण पाल या सुतारानं त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला डिसेंबर 1800 मध्ये. सात वर्षं. अमेरिकन मिशनरी ॲडोनिराम जडसन 1813 मध्ये ब्रह्मदेशात पोचले, तिथला पहिला बाप्तिस्मा 1819 चा. या वर्षांत त्यांच्याकडे महिन्याच्या महिन्याला आकडा मागितला असता तर त्यांनी काय लिहिलं असतं? पैसे कुठे खर्च झाले हे विचारायचा हक्क देणाऱ्यांना आहे आणि तो हिशेब तुम्ही नीट ठेवताच. त्यापुढचं विचारलं तर ‘झालं की तो कळवील’ एवढं सांगून पुढे वाचा. सगळं वाचा.

पण कॅरींची आठवण मला आली ती दुसऱ्याच कारणानं. त्यांना झाडाझुडपांचा भारी नाद. बंगालमधल्या सेरामपूरला त्यांनी मोठी बाग केली होती आणि इंग्लंडहून ओळखीचे लोक त्यांना बिया धाडत. एकदा अशी पिशवी आली. बिया काढून झाल्यावर त्यांनी ती रिकामी पिशवी बागेतल्या एका सावलीच्या जागी झटकली. काही दिवसांनी तिथे काहीतरी उगवलेलं दिसलं. ती निघाली डेझी, इंग्लंडच्या कुरणात पायाखाली येणारं साधं फूल. पाठवणाऱ्याला कॅरींनी आभाराचं पत्र लिहिलं. तीस वर्षांहून जास्त काळ मी हे फूल पाहिलं नव्हतं, युरोप सोडल्यापासून इतका निर्मळ आनंद क्वचितच झाला असेल, अशा अर्थाचं. पुढे त्या रोपाचं बी धरून ते दर वर्षी नवी रोपं करत राहिले. इंग्लंडला मात्र ते कधीच परतले नाहीत. 1834 मध्ये सेरामपूरलाच वारले.

पाठवणाऱ्यानं डेझी पाठवलीच नव्हती, ताई. ती पिशवीच्या तळाच्या मातीत आली होती. तुम्ही ज्याला ‘रोजचं तेच’ म्हणता ना, ते तुमच्या पिशवीच्या तळाशी पडलंय आणि तुम्ही ती इकडेच झटकून टाकताय.

तेव्हा आज झोपण्यापूर्वी लिहायला बसा. त्याला आशीर्वाद नकोत, वचनं नकोत, ती त्याला पाठ आहेत. त्याच्या खोलीत आता कोण झोपतं ते लिहा. कोणतं दार पावसात फुगून अडकतं, तुमचा चष्मा कितीचा झाला, गेल्या रविवारी गाणं कोणी चढ्या पट्टीत सुरू केलं आणि शेवटच्या कडव्याला कोणाकोणाचे आवाज फुटले, ते लिहा. कोणाशी अबोला असेल तर तोही लिहा, त्याला सगळी माणसं ठाऊक आहेत. सायकलवाला मुलगा आता वळण घेऊ शकतो का, हे विचारा. म्हणजे तुम्ही त्याचं पत्र वाचता हे त्याला कळेल. पत्र सुबक करत बसू नका. लिहून झालं की तसंच पाठवा.

हिशेबाचा कागद त्यात घालू नका. तो दोन दिवसांनी वेगळा पाठवा.