जहाजवाहतूक नियमनात सरकारच्या वरिष्ठ वकिलाचं काम नेमकं काय असतं? त्यासाठी परदेशातली एलएलएम लागते का?

एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, लागत नाही. तुमच्या प्रश्नाचा हा सोपा भाग. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की सरकारी वकील खात्याने आधीच काढलेल्या ऑर्डरचा कोर्टात बचाव करतो, खरा शिपिंग लॉ खाजगी फर्ममध्येच होतो. ते वाचून गप्प बसवेना. हेच मी नोकरीभर ऐकलं, आणि बाहेरच्यांपेक्षा आपल्याच बाजूच्या माणसांकडून जास्त ऐकलं. मी केंद्र सरकारची विधी अधिकारी होते, आता निवृत्त आहे. जहाजांच्या फायली बरीच वर्षं माझ्याकडे होत्या.

आधी एक गोष्ट वेगळी करू. प्रश्नाखालच्या मजकुरात तुम्ही अरेस्ट आणि डिटेन्शन, म्हणजे जहाज अडकवण्याचे दोन प्रकार, एकच धरलेत. अरेस्ट हायकोर्ट करतं, कुणाचा तरी पैशाचा दावा असतो म्हणून. २०१७ चा ॲडमिरल्टी, म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांचा, कायदा त्यासाठी आहे, तो १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला. डिटेन्शन सरकार करतं, जहाज समुद्रात जाण्याच्या लायकीचं नाही म्हणून. खाजगी वकिलांचं नाव होतं ते बहुतेक अरेस्टमध्ये. सरकारी वकिलाचा कस लागतो डिटेन्शनमध्ये, आणि तोही ऑर्डर निघण्याच्या आधी.

पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरातली गोष्ट. परदेशी झेंड्याचं जुनं बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल वाहणारं जहाज, माल उतरवून निघायच्या तयारीत होतं. पोर्ट स्टेट कंट्रोलची, म्हणजे परदेशी जहाजांची बंदरात सरकार करतं ती, तपासणी झाली. तपासणी करणारे सरकारी सर्व्हेअर स्वतः मास्टर मरिनर, म्हणजे कप्तानाच्या पात्रतेचे, वीस-बावीस वर्षं समुद्रावर काढलेले, नजर अशी की गँगवेवर पाय ठेवताच जहाजाची अवस्था ओळखायचे. त्यांनी जहाज रोखायचं ठरवलं आणि ऑर्डरचा मसुदा पाठवला. त्यात एकच वाक्य होतं : 'जहाज समुद्रप्रवासास अयोग्य आढळल्यामुळे अडकवून ठेवण्यात येत आहे.'

मी तो परत पाठवला. फोन करून विचारलं, अयोग्य म्हणजे काय आढळलं? ते म्हणाले, सगळंच. मी म्हटलं, सगळंच कोर्टाला दिसत नाही. कुठलं उपकरण, काय चाचणी घेतली, किती वाजता, समोर कोण होतं, कुठला नियम मोडला, हे सगळं ऑर्डरमध्ये हवं. त्यावर ते जे बोलले ते आजही कानात आहे. "मॅडम, जहाज भरतीची वाट बघतं, तुमच्या व्याकरणाची नाही. आम्ही ऑर्डर काढतो, कोर्टात गेलं की मग तुम्ही या."

त्या रात्री मी फोन सोडला नाही. एकेक गोष्ट काढून घेतली. इमर्जन्सी जनरेटर चालत नव्हता, एवढं त्यांच्या दृष्टीने पुरेसं होतं. मी विचारलं, चालत नव्हता की वेळेत चालला नाही? सोलास, म्हणजे समुद्रावरच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार, त्याप्रमाणे मुख्य वीज गेल्यावर जास्तीत जास्त ४५ सेकंदांत त्याने आपोआप सुरू होऊन वीज द्यायला हवी. मग कळलं की मुख्य वीज तोडून चाचणी घेतली होती, जनरेटर आपोआप सुरू झालाच नाही, नंतर फिटरने हाताने खटपट करून तो चालू केला. चीफ इंजिनीअर तिथेच उभा होता. हे सगळं वेळेसकट लिहिलं. डाव्या लाइफबोटीचा हुक गंजून धरला होता, तेही लिहिलं. खलाशांचे पगार थकले होते, ते मसुद्यात नव्हतंच, कारण सर्व्हेअरच्या मते तो 'सेफ्टीचा विषय' नव्हता. पण एमएलसी, म्हणजे २००६ चा सागरी कामगार करार, भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेला आहे, आणि त्यात पगार महिन्याच्या आत मिळायलाच हवा. पगार थकवणं हेही जहाज रोखण्याचं कारण होऊ शकतं. पगाराच्या हिशोबाची पानं जोडून तेही घातलं. तपासणीतल्या त्रुटी नोंदवायच्या फॉर्म बी वर प्रत्येक त्रुटीसमोर कोड नीट टाकून घेतले : ३० म्हणजे डिटेन्शन, १७ म्हणजे निघण्याआधी दुरुस्ती. भरतीच्या आधी ऑर्डर मास्टरच्या, म्हणजे जहाजाच्या कप्तानाच्या, हातात होती आणि चीफ इंजिनीअरची सही तिच्यावर होती.

मालक हायकोर्टात गेला. नावाजलेले वकील, जाडजूड रिट. म्हणणं असं की जनरेटर चालू स्थितीत आहे, व्हिडिओ जोडलाय, सरकारने आकसाने जहाज अडकवलंय, रोजचं नुकसान भरून द्या. हे नुकसानीचं प्रकरण पोकळ नसतं. जहाज विनाकारण अडकवलं तर भरपाई द्यावी लागते, हे सोलासमध्येच लिहिलेलं आहे. खंडपीठाने आमच्या वकिलांना एवढंच विचारलं की ऑर्डरमध्ये काय लिहिलंय ते वाचा. त्यांनी वाचलं. आपोआप सुरू होणं आणि हाताने सुरू करणं यातला फरक त्या परिच्छेदात स्पष्ट होता, मालकाच्या व्हिडिओत फिटर जनरेटरशेजारी उभा दिसत होता. अंतरिम दिलासा मिळाला नाही. मालकाने दुरुस्ती केली, पगार दिले, पुन्हा तपासणी झाली आणि जहाज गेलं. त्या खलाशांत कोकणातली पोरंही होती. त्यांच्या घरी पैसे पोहोचले ते वकिलाने ऑर्डरमध्ये घालायला लावलेल्या परिच्छेदामुळे. हे मी अभिमानाने सांगते.

आता कायदा. मोहिंदर सिंग गिल खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा आदेशाची वैधता त्यात दिलेल्या कारणांवरूनच तपासायची, नंतर ॲफिडेव्हिटमध्ये नवी कारणं जोडून तो तारता येत नाही. म्हणजे 'कोर्टात गेलं की वकील' हे धोरण मुळातच चुकीचं आहे. कोर्टात गेल्यावर वकिलाच्या हातात काही उरलेलं नसतं. ते सर्व्हेअर साहेब आजही भेटले की म्हणतात, जहाज इतकं वाईट होतं की एका ओळीच्या ऑर्डरवरही आपण जिंकलो असतो. नसतो जिंकलो. जहाज वाईट असणं आणि ते वाईट असल्याचं ऑर्डरमध्ये असणं या दोन गोष्टी आहेत, आणि कोर्टासमोर दुसरीच असते.

हे फक्त डिटेन्शनपुरतं नाही. मे २०२५ मध्ये एमएससी एल्सा ३ हे मालवाहू जहाज कोचीजवळ बुडालं, तेव्हा केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा ॲडमिरल्टी दावा लावला आणि त्यासाठी त्याच समूहाचं दुसरं जहाज, अकितेता २, केरळमधल्या विळिंजम बंदरात अरेस्ट झालं. अशा दाव्यात मासेमारी, किनारा, प्रदूषण, सफाई हा एकेक आकडा कशावरून आला हे कागदावर कुणीतरी आधी बसवावं लागतं. ते सरकारी बाजूच्या वकिलाचं काम.

तुमच्यासाठी काळ चांगला आहे. १९५८ चा मर्चंट शिपिंग ॲक्ट जाऊन २०२५ चा आलाय. बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीचा, १८५६ चा आणि समुद्रमार्गे मालवाहतुकीचा १९२५ चा कायदाही त्याच वर्षी बदलला. नवा कायदा आला की नियम, परिपत्रकं, फॉर्म नव्याने लिहायचे असतात आणि प्रत्येक शब्दावर पुढे खटला उभा राहू शकतो. मसुदा लिहिणारा माणूस सरकारला तेव्हा लागतो.

शिरकाव कसा करायचा? कायमची नोकरी हवी तर इंडियन लीगल सर्व्हिस. विधी मंत्रालयातली ही पदं यूपीएससी भरते, पात्रतेच्या अटी जाहिरातीत बघा. कोर्टात उभं राहायची आवड असेल तर केंद्र सरकारच्या पॅनेलवर, म्हणजे सरकारतर्फे खटले लढवणाऱ्या वकिलांच्या यादीवर, या. काय वाचायचं? प्रशासकीय कायदा, पुराव्याचा कायदा, सोलास आणि एमएलसीचा मूळ मजकूर. सागरी विमा आणि चार्टर पार्टी, म्हणजे जहाज भाड्याने घेण्याचा करार, नंतर येईल. मुलाखतीत ॲडमिरल्टीच्या जुन्या इंग्लिश खटल्यांची यादी म्हणून दाखवणारे मी पुष्कळ पाहिले. त्यांतल्या बऱ्याच जणांना डिटेन्शनची ऑर्डर कुणाच्या सहीने निघते तेही माहीत नव्हतं. एलएलएमवर घालवाल ते पैसे राहू द्या. त्याऐवजी एखाद्या सर्व्हेअरच्या मागे लागून, परवानगी काढून, एक तपासणी इंजिनरूममध्ये उभं राहून बघा.

दोन गोष्टी राहिल्या. पैसा खाजगीत कितीतरी जास्त आहे. घरावर कर्ज असेल तर हा विचार नीट करा, मी बढाई मारून तुम्हाला फसवणार नाही. आणि कधीकधी पटत नसलेल्या ऑर्डरच्या बाजूनेही उभं राहावं लागतं. तेव्हा आपलं मत फाईलवर लेखी नोंदवायचं, तारखेसकट, आणि मग काम करायचं.

सर्व्हेअर साहेबांची एक गोष्ट मात्र मला पूर्ण मान्य आहे. जहाज खरोखर निघण्याच्या बेतात असेल तर आधी पोर्ट कंट्रोलला कळवून पायलट, म्हणजे जहाज बंदराबाहेर काढून देणारा वाटाड्या, थांबवायचा, क्लिअरन्स, म्हणजे निघायची परवानगी, रोखायचा आणि मग लिहायला बसायचं. पण बसायचं त्याच रात्री, आणि वकिलाला सोबत घेऊन.