खुर्ची परत आण, मग बाकीचं बोलू

*मावशी, आम्ही डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. सहा आठवड्यांत घर रिकामं करून द्यायचंय. भाड्याचं घर वन बीएचके मिळालंय आणि आमचं सामान तीन खोल्यांचं. भिंतभर शोकेस, सोफा, दिवाण, सासूबाईंचं लग्नातलं लोखंडी कपाट, शिसवी पलंग, कापसाच्या सात गाद्या. सासूबाई (वय 78) काडी हलू देत नाहीत. मिस्टर म्हणतात, "तुम्ही दोघी बघून घ्या." न्यू जर्सीचे दीर आठ वर्षं सांगताहेत की पलंग आम्ही नेणार. पंधरा दिवसांपूर्वी सासूबाई भजनाला गेल्या असताना मी सासऱ्यांची आरामखुर्ची ऑनलाइन जाहिरात देऊन 1,800 रुपयांना विकली. कापड फाटलं होतं, सासरे गेल्यापासून कोणी बसत नव्हतं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. वाढलं की जेवतात, एवढंच. माझं एवढं चुकलं का? आणि बाकीच्याचं काय करू? — एक सून*

हो गं, चुकलं. तीन खोल्या एका खोलीत बसत नाहीत हे सासूबाईंनाही कळतं, त्याबद्दल तुला बोल नाही. पण त्या भजनाला गेल्याची वेळ तू साधलीस. आता दर गुरुवारी चपला घालताना त्यांच्या मनात येत असेल, परत येईन तेव्हा काय गेलेलं असेल? अशा माणसाने काडी हलू दिली नाही तर नवल काय?

आणि गंमत बघ. कापडाची आरामखुर्ची म्हणजे घरातली एकच वस्तू, जी मिटून दाराआड उभी राहते. वन बीएचकेत मावणारी वस्तू विकलीस आणि भिंतभर शोकेस तशीच उभी!

ज्याने नेली त्याचा नंबर तुझ्या फोनमध्ये असणार. आजच फोन कर. बहाणे सांगू नकोस, "सासऱ्यांची खुर्ची होती, सासूबाईंना न विचारता विकली, परत हवी आहे" असं सरळ सांग. 1,800 च्या जागी 3,000 मागितले तर दे. त्याने पॉलिश करून घेतलं असेल तर त्याचेही दे. खुर्ची आली की जाड कॅनव्हासचं नवं कापड घाल, शिंपी तासाभरात शिवून देईल. माणूस नाहीच म्हणाला, तर तेही सासूबाईंना तूच सांग, नवऱ्यासमोर सांग. ज्याच्या वडिलांची खुर्ची गेली तो माणूस या सगळ्या पत्रात एका वाक्यापुरता येतो, हे मला काही बरं वाटलं नाही.

आता सामान. सासूबाईंना "काय टाकायचं" हे विचारायचंच नाही. त्यांना त्या भाड्याच्या घरी ने, रिकामं असताना, आणि हातात मेजरिंग टेप दे. पलंग किती फूट, खोली किती फूट, दार उघडायला किती जागा, हे त्यांचं त्यांना दिसू दे. जमिनीवर खडूने पलंग आखा, कपाट आखा. देव्हारा कुठे ते पहिल्यांदा त्यांनी ठरवायचं. मग काय न्यायचं ते त्या सांगतील, आणि उरेल ते आपोआप उरेल. एका दिवसात नाही होणार, दोन-तीन फेऱ्या होतील. सहा आठवड्यांत तेवढा वेळ आहे.

एका बाबतीत मात्र वेळ नाही. तुमची अख्खी बिल्डिंग एकाच वेळी रिकामी होतेय. शेवटच्या आठवड्यात प्रत्येक जिन्यात एक सोफा उभा असेल, आणि भंगारवाल्याला ते तुझ्या आधी कळेल. तेव्हा तो म्हणेल तो भाव, नाहीतर उलट नेण्याचेच पैसे मागेल. त्यामुळे विकायचं ते पहिल्या दोन आठवड्यांत विकून टाक. सोसायटीच्या ग्रुपवर टाकून दहा-बारा घरांचं लोखंड एकदम तोलून दिलंत तर आणखी चांगलं, घासाघीस करायला जोर येतो. तिसऱ्या मजल्यावरून उतरवायची हमाली कोणाकडे हे मात्र भाव ठरवतानाच बोलून घे. खाली आणल्यावर तोंडं बदलतात.

लोखंडी कपाटाला गिऱ्हाईक मिळतं. गोदरेजने 1923 मध्ये कपाटं करायला घेतली, आणि घराघरांत त्या ब्रँडचं असो-नसो, प्रत्येक लोखंडी कपाटाला गोदरेजच म्हणतात. ते भंगारात किलोवर देऊ नकोस, वापरायला घेणारं कोणीतरी शोध. देण्याआधी चोरकप्पा पूर्ण बाहेर ओढून मागे हात घालून बघ. माझ्या बहिणीच्या कपाटात ड्रॉवरमागे सासूबाईंची पोस्टातली पासबुकं सापडली होती, आणि एक जोडवं. शनिवारी मात्र कपाट हलवू नका. तुला पटत नसेल, सासूबाईंना पटतं, आणि आठवड्यात आणखी सहा वार आहेत.

शोकेस भिंतीला ठोकलेली आहे ना? मग तिची आशा सोड. प्लायवूड-सनमायका उखडला की त्याचं काही होत नाही, घेणारं कोणी नाही. बिल्डिंग पाडणारा ठेकेदार दारं, खिडक्या, ग्रिल यांच्यावर डोळा ठेवून असतो. करारनाम्यात मोडीचा माल कोणाचा लिहिलाय ते बघ आणि शोकेस त्यालाच सोडून ये. बंबात जाळायला तर कोणाला अजिबात देऊ नकोस, त्यातल्या गोंदाचा धूर छातीला वाईट. सोफ्याचंही तसंच, फोम बसलेला असेल तर फुकट सुद्धा जात नाही. तो रात्री नाक्यावर ठेवून यायची पद्धत आहे आपल्याकडे, सगळे ठेवतात. तू ठेवू नकोस. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आधी विचार, नाहीतर नेणाऱ्याला शे-पाचशे देऊन मोकळी हो.

कामवाल्या बाईंना द्यायचा विचार असेल, तर त्यांना "नको" म्हणायची मोकळीक देऊन विचार. दहा बाय दहाच्या खोलीत तुमचा दिवाण कुठे मावणार? पण तोंडावर नाही म्हणता येत नाही, म्हणून टेम्पोचे पैसे घालून नेतात आणि मग त्यांच्या चाळीबाहेर तोच दिवाण पावसात कुजतो. हवाच असेल तर टेम्पो तुझ्या पैशाने. आणि ढेकूण असतील तर ते सामान कोणालाच द्यायचं नाही, वृद्धाश्रमाला तर मुळीच नाही. फळ्यांच्या सांध्यांत, खिळ्यांच्या भोकांत काळे ठिपके दिसतात का, बॅटरी लावून बघ.

कापसाच्या गाद्या मात्र सोनं आहे. पिंजाऱ्याला बोलाव. सातांचा कापूस पिंजून दोन चांगल्या भरून देईल, उरलेल्याच्या उशा.

ऑनलाइन विकताना एक सांभाळ. "मी फौजेत आहे, बदली झालीय, माणूस पाठवतो, आधी हा क्यूआर स्कॅन करा" असं कोणी म्हणालं की फोन ठेव. पैसे यायला पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. चुकून गेले तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार.

राहिला पलंग. खरंच शिसवी आहे का ते सुताराला दाखव. गडद पॉलिश केलेल्या कुठल्याही लाकडाला घरोघरी शिसवी म्हणतात. खरा निघाला, तर दिरांना हे कळव: शिसवाच्या सगळ्या जाती 2017 पासून साइट्स (CITES) या, धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रण यादीत आहेत, अख्खा पलंग अमेरिकेला न्यायचा म्हणजे परवान्यांचे कागद आणि जहाजाचं भाडं. साग असता तर निदान हा कागदांचा व्याप नव्हता. त्यांना हवा असेल तर कागद त्यांनी करावेत, नाहीतर इथे कोणाच्या घरी ठेवायची सोय त्यांनी बघावी, आणि नसेल तर फोटो काढून चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरच्या किंवा जोगेश्वरी पश्चिमेला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरवाल्यांना पाठवायची परवानगी द्यावी. उत्तराला दहा दिवस. हा निरोप तू धाडायचा नाहीस, तुझ्या मिस्टरांनी धाडायचा. भाऊ त्यांचा आहे. आणि विकला तर पैसे सासूबाईंच्या हातात.

पण आधी तो फोन. खुर्ची आली की टेम्पोत ती सर्वांत शेवटी चढव, म्हणजे नव्या घरी सर्वांत आधी उतरेल. बाकीचं सामान वर चढेपर्यंत सासूबाईंना बसायला लागेलच.