कॅसिनो कंपनीचं टेकओव्हर: ऑफरच्या भावासाठी थांबावं का?

पोस्ट वाचून राहवलं नाही, कारण याच भोवऱ्यात मीही अडकलो होतो. तुमचे आकडे असे: ठाण्यात बसून ॲपवर घेतलेले अमेरिकी कॅसिनो कंपनीचे शेअर, कंपनी विकत घेऊ पाहणाऱ्याची ऑफर शेअरमागे 20 डॉलर, आजचा भाव 18.60, बातमीआधीचा 13. ‘वरचे 1.40 का सोडू?’

व्यवहार झाला तर 1.40 मिळतील, फिसकटला आणि भाव जुन्या जागी आला तर 5.60 जातील. 13 ते 20 या 7 डॉलरच्या अंतरातले 5.60 भावाने आधीच कापलेत, म्हणजे बाजार यशाची शक्यता ढोबळमानाने 80 टक्के धरतोय. तुम्हाला ती जास्त वाटत असेल तरच थांबा.

आधी बघा, करारावर सह्या झाल्यात की नुसता प्रस्ताव आहे. बॅलीज या अमेरिकी कॅसिनो कंपनीला तिच्याच सर्वात मोठ्या भागधारक फंडाने जानेवारी 2022 मध्ये 38 डॉलर देऊ केले होते. करार झाला तो जुलै 2024 मध्ये, 18.25 ला. ऑस्ट्रेलियाच्या क्राउन या कॅसिनो कंपनीने 2019 मध्ये विन या अमेरिकी खरेदीदाराशी बोलणी चालू असल्याचं मान्य केलं आणि काही तासांत विनने माघार घेतली. करार झाला तरी कॅसिनोत प्रत्येक राज्याचा नियामक खरेदीदाराची छाननी करतो. एल्डोराडोने सीझर्स ही कॅसिनो कंपनी घेणं जून 2019 मध्ये जाहीर झालं, पूर्ण व्हायला जुलै 2020 उजाडला.

आता खरा खड्डा. अशा व्यवहारात बऱ्याचदा रोख की शेअर हे तुम्ही कळवायचं असतं. सीझर्सच्या एका शेअरमागे 8.40 डॉलर रोख आणि एल्डोराडोचा 0.0899 शेअर असं सूत्र होतं. फक्त रोख किंवा फक्त शेअर मागणाऱ्यांच्या मागणीला कात्री लागू शकत होती. बॅलीजमध्ये काहीच न कळवणाऱ्याला रोख, शेअर ठेवायचे तर तसं कळवणं भाग. पर्याय कळवा अशी ही सूचना अमेरिकी ब्रोकरकडून ॲपकडे आणि मग तुमच्याकडे येते, आणि ब्रोकरची मुदत कंपनीच्या मुदतीच्या काही दिवस आधी संपते. मदत-कक्षाला विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘सगळं आपोआप होईल.’ होतं खरं, पण डिफॉल्ट, म्हणजे काही न कळवल्यास लागू होणाऱ्या पर्यायाने! माझ्या ॲपवाल्यांनी मुदत उलटल्यावर मेल पाठवला, आणि आजही तो विषय निघाला की माझं डोकं फिरतं. लोकांच्या पैशाशी हा असा खेळ? म्हणून आजच लेखी विचारा: ‘पर्याय कळवायची तुमची शेवटची तारीख आणि वेळ कोणती, न कळवल्यास काय मिळेल?’ चॅटवर नको, ईमेलवर.

रोखीऐवजी नव्या कंपनीचे शेअर घेतले म्हणजे कर टळला असं समजू नका. विलीनीकरणातल्या अदलाबदलीची करमाफी नवी कंपनी भारतीय असेल तरच लागते. परदेशी कंपनीत हातात रोख न येताही कर बसू शकतो. 24 महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्यांवर 12.5 टक्के, त्याआत तुमच्या स्लॅबने. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये ते 1.40 डॉलर एका डॉलरच्या आसपास उरतात. त्यातून पैसे परत आणायचा बँकेचा खर्च वेगळा.

मी सेबी-नोंदणीकृत सल्लागार नाही. माझं मत विचाराल तर एवढ्या फरकासाठी निम्मे तरी आज विकावेत. नौपाड्यात किंवा वाशीत सीए गाठाल तर ‘शेड्यूल एफए (रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता) नेहमी भरता का?’ हे आधी विचारा. ते कॅलेंडर वर्षाचं असतं; शेअर वर्षाच्या मध्येच गेले तरी त्या वर्षाच्या तक्त्यात दाखवावेच लागतात.