उंदरांसाठी मांजर पाळताय?

उपाशी ठेवली तरच मांजर उंदीर मारते, हा समज आधी डोक्यातून काढा. शिकारीची ओढ फक्त भुकेवर नसते. पोटभर जेवलेली मांजरही बिळासमोर कितीतरी वेळ दबा धरून बसते. शेपटीचं टोक तेवढं हलतं, मागचे पाय जागच्या जागी चुळबुळतात, आणि मग झेप. मानेवर एकच चावा. पिल्लं हे आईकडून शिकतात, म्हणून शिकारी आईचं पिल्लू मिळालं तर उत्तम. मोठ्या घुशीच्या वाट्याला मात्र बहुतेक मांजरी जात नाहीत. तिथे पिंजराच लावा.

आणि कळकळीने सांगतो, उंदरांचं विष घरात ठेवूच नका. विष खाल्लेला उंदीर सुस्तावतो, मांजर त्यालाच आधी धरते आणि तेच विष तिच्या पोटात जातं.