फवारणी करूनही डास का जात नाहीत? आणि घराबाहेरच्या उपद्रवाबद्दल वाचकांचे आणखी प्रश्न

प्रश्न : ताई, अंगणात आणि बागेत दर आठवड्याला औषध मारतो, धूर पण करून झाला. दोन दिवस बरं वाटतं आणि परत बाहेर बसायची सोय नाही. आता ते निळ्या लाइटचं डास मारायचं मशीन घेऊ का?

मशीन नका घेऊ. डास लाइटकडे येतच नाहीत फारसे, ते आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आणि अंगाच्या वासाच्या मागावर येतात, त्या निळ्या लाइटवर बिचारे पतंग आणि भुंगे जळतात.

फवारणीचं म्हणाल तर धुराने आणि औषधाने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काहीच होत नाही, त्यामुळे दोन-चार दिवसांत नवीन तुकडी हजर. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उष्ण हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून घराभोवतीचं साचलेलं पाणी काढलंत तर ती साखळीच तुटते. नुसतं ओतून देऊ नका मात्र, भांडं आतून ब्रशने घासा! कारण डेंग्यू पसरवणारी एडिसची मादी अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटवते, आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात.

बघायचं कुठे? कुंड्यांखालच्या ताटल्या, एसीच्या पाण्याचा डबा, छपराची पन्हळ, जुने टायर, ताडपत्रीच्या घड्या, कुंपणाच्या बांबूची वरची उघडी टोकं. टॉर्च घेऊन ताटलीत नीट बघा, डोकं खाली शेपूट वर अशा बारीक अळ्या पृष्ठभागाला लटकलेल्या दिसतील (शेपटीकडच्या नळीतून त्या हवा घेतात), हाताची सावली पडली की वळवळत तळाला जातात. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघाच, मग पाणी काढायची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही.

जे पाणी ओतता येत नाही, म्हणजे टाकी किंवा हौद, त्यावर घट्ट झाकण किंवा बारीक जाळी लावा. शोभेच्या हौदात गप्पी मासे सोडा नाहीतर बीटीआयच्या गोळ्या टाका, हा एक जिवाणू आहे, अळ्या मारतो पण मासे, पक्षी, मधमाश्या यांना त्रास देत नाही. आणि तुम्हाला रात्रीचे डास जास्त चावत असतील तर बहुतेक ते क्यूलेक्स जातीचे, त्यांना घाण पाणी चालतं, तेव्हा सेप्टिक टँकच्या हवेच्या पाइपच्या तोंडाला जाळी आहे का ते आधी बघा, तिकडे कोणाचंच लक्ष नसतं. बाहेर बसताना सरळ टेबलफॅन लावा, डासांना जोराच्या वाऱ्यात उडता येत नाही.

प्रश्न : मागच्या अंगणात उंदरांनी बिळं केलीत, विषाच्या वड्या ठेवल्या तरी कमी होत नाहीयेत. शेजाऱ्यांची मांजर सारखी आमच्याकडे असते, तिची भीती वाटते.

भीती रास्त आहे, वड्या आजच उचला. बाजारातल्या बऱ्याच वड्या रक्त गोठू न देणाऱ्या विषाच्या असतात, उंदीर खाऊन लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि नेमका तोच मांजराच्या किंवा घुबडाच्या तोंडी लागतो. पाकीट मात्र फेकू नका, कोणी चुकून खाल्लंच तर डॉक्टरांना किंवा व्हेटना दाखवायला लागेल, या प्रकारच्या विषावर व्हिटॅमिन के१ चा उपचार आहे.

आधी कुठलं बीळ चालू आहे ते शोधा. प्रत्येक बिळात संध्याकाळी कागदाचा बोळा हलकाच कोंबायचा, सकाळी बाहेर ढकललेला दिसला की तिथे वस्ती आहे. पिंजरा भिंतीला लागून ठेवा, उंदीर मिशा भिंतीला घासत कडेकडेने पळतात, मोकळ्या जागेत ठेवलेला पिंजरा फुकट जातो. मोठे उंदीर नवीन वस्तूला बिचकतात म्हणून पहिले काही दिवस आमिष ठेवा पण दार उघडंच बांधून ठेवा, त्यांना सवय झाली की मग लावा. हे सगळं करताना कचऱ्याचा डबा झाकणाचा हवा आणि कुत्र्या-मांजरांचं उरलेलं खाणं रात्री बाहेर राहता कामा नये, नाहीतर पिंजऱ्यातल्या आमिषाकडे कोण बघणार? घराच्या भिंतीतली भोकं स्टीलच्या काथ्याने आणि सिमेंटने बुजवा. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो.

प्रश्न : गुलाबावर मुंग्यांची रांग लागलीये, स्प्रे मारला की जातात, परत येतात.

कोवळ्या शेंड्याखाली मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) असणार, मुंग्या त्याच्या गोड चिकट स्रावासाठी येतात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात. तेव्हा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा पाडा, लागलंच तर नीमतेल, तेही संध्याकाळी, मधमाश्या गेल्यावर. लेडीबर्ड (ठिपक्यांचे छोटे भुंगे) दिसले तर त्यांना हात लावू नका, ते मावाच खातात.

स्प्रेने फक्त रांगेतल्या मुंग्या मरतात, राणी वारुळात सुरक्षित. त्यापेक्षा दीड कप कोमट पाण्यात अर्धा कप साखर आणि दीड छोटा चमचा टाकणखार (बोरॅक्स) विरघळवून कापसाचा बोळा भिजवा आणि बारीक भोकं पाडलेल्या बंद डबीत रांगेजवळ ठेवा, मुलांचा आणि जनावरांचा हात पोचणार नाही असं बघून. टाकणखार वाढवू नका, मुंगी वाटेतच मेली तर वारुळापर्यंत काही पोचत नाही. पहिल्या दिवशी डबीवर गर्दी होईल, होऊ द्या.

प्रश्न : दाराबाहेरच्या दिव्यावर किड्यांचे थवे येतात.

पांढरा बल्ब काढून पिवळसर लावा आणि दिवा दाराच्या डोक्यावर न ठेवता जरा लांब, दाराकडे प्रकाश येईल असा लावा.