सॅमन चढले की अस्वल येतं

अलास्का क्रूझचं बुकिंग सुरू झालं की माझ्याकडे पत्रांचा ओघ लागतो. यंदा निम्म्याहून अधिक पत्रांत एकच घोळ आहे: जहाज बंदराला लागल्यावर जे सहा-सात तास हातात असतात, त्यांत नदीवर गळ टाकायचा की अस्वलं बघायची? इतकी वर्षं मराठी मंडळींना तिकडे नेतोय, त्यामुळे उत्तरं थोडी अनुभवाची आहेत आणि थोडी हट्टाची.

प्रश्न : मुलाकडे सिअ‍ॅटलला जाणार आहोत. मे महिन्यातली सात रात्रींची क्रूझ बरीच स्वस्त मिळतेय. अस्वल दिसेल ना? (पुणे)

दिसेलही, पण तुमच्या डोक्यात जे चित्र आहे ते नाही. मे महिन्यात अस्वलं नुकतीच हिवाळी झोपेतून उठलेली असतात. ओहोटी लागली की किनाऱ्यावरच्या दलदलीतलं कोवळं गवत गुरांसारखी चरत हिंडतात. बोटीतून दुर्बीण लावली तर लांबवर एक तपकिरी ठिपका खाली मान घालून चरताना दिसतो. ज्याला जंगलाची आवड आहे तो त्यावरही खूष होतो. बाकीचे तासाभरात कॉफी कुठे मिळेल ते विचारायला लागतात.

नदीतलं अस्वल हवं असेल तर सॅमनचं वेळापत्रक बघा, जहाजाचं नंतर. कोकणातल्या वाचकांना हे एका वाक्यात कळेल: हे चढणीचे मासे आहेत. आपल्याकडे पहिल्या पावसात ओढ्याला पाणी आलं की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, तसेच हे समुद्रातून आपल्या जन्माच्या नदीत परततात. फरक इतकाच, की पॅसिफिक सॅमन अंडी घातली की मरतो. अलास्कात त्याच्या पाच जाती आहेत आणि प्रत्येकीची तारीख वेगळी. किंग मे-जूनमध्ये येतो, सॉकाय जून-जुलैत, पिंक आणि चम जुलै-ऑगस्टमध्ये, तर कोहो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. अस्वलांची खरी चंगळ पिंक चढतात तेव्हा असते. हा मासा जातीत सर्वांत लहान, पण संख्येने अफाट. उथळ ओढ्यात एवढी गर्दी होते की तळाचे दगड दिसत नाहीत.

म्हणून मध्य जुलै ते ऑगस्टअखेर धरा. पैसे वाचवायचे तर केबिन साधी घ्या, महिना बदलू नका. आणि नाकाची तयारी ठेवा. ऑगस्टमध्ये काठावर मेलेल्या माशांचा खच पडलेला असतो, आणि त्या वासापुढे ससून डॉकची सकाळ म्हणजे अत्तराचं दुकान. आमच्या गटातले लोक नाकाला रुमाल लावतात तेव्हा मी मनातून खूष असतो, कारण तो वास असला की अस्वल फार लांब नसतं.

प्रश्न : लहानपणापासून खाडीत गरवतो. तिथल्या नदीत गळ टाकायला मिळेल का? मासा जहाजावर नेऊन तळून घेता येईल का? (मालवण)

गळ टाकायला मिळेल, तळायला बहुधा नाही. पण तुमचा खाडीचा अनुभव तिथे थोडा बाजूला ठेवावा लागेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं म्हणजे परवाना. अलास्काबाहेरच्या 16 वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला राज्याच्या मत्स्य आणि शिकार खात्याचा परवाना लागतो. एका दिवसाचाही मिळतो, ऑनलाइन निघतो. किंग सॅमन धरायचा तर वेगळा शिक्का घ्यावा लागतो. सहलीच्या तिकिटात परवाना बऱ्याचदा धरलेला नसतो, तेव्हा आधी विचारून ठेवा.

दुसरं, आमिष. कोळंबी किंवा बांगड्याचा तुकडा लावून बसायची सवय इथे चालत नाही. आग्नेय अलास्काच्या नद्यांत उन्हाळाभर आमिषाविना, नकली माशीवर किंवा चमच्याच्या आकाराच्या चकाकत्या पत्र्यावरच मासेमारी करायची असते. गंमत म्हणजे नदीत शिरलेला सॅमन खातच नाही. त्याचं पोट आक्रसलेलं असतं. मग तो गळ का घेतो? चिडून. नाकासमोर सारखं काहीतरी गुलाबी फडफडतंय म्हटल्यावर तो त्याला चावायला जातो. म्हणजे इथे भुकेल्याला भुलवायचं नसतं, तापट माणसाला डिवचायचं असतं. मालवणकरांना हे जमायला हरकत नाही.

तिसरं, मासा तोंडातच अडकला पाहिजे. गर्दी एवढी असते की गळ नुसता ओढला तरी कुणाच्या तरी पाठीत रुततो. मुद्दाम तसं करणं गोड्या पाण्यात बेकायदा आहे, आणि चुकून झालं तर मासा तिथल्या तिथे सोडून द्यायचा.

वाटाड्या तुम्हाला छातीपर्यंतची रबरी विजार देईल. तिच्यावरचा कमरेचा पट्टा घट्ट आवळा. पाय घसरला तर तो पट्टा पाणी आत शिरू देत नाही. नदीचं पाणी बर्फ वितळून आलेलं असतं. पहिल्या पाच मिनिटांत पायांना कळतं की हे आपलं पाणी नव्हे.

पहिला पिंक हातात आला तेव्हा मी चरकलो होतो. नराच्या पाठीवर उंटासारखं कुबड आलेलं, जबडा वाकडा झालेला, शेपटीची किनार झिजून पांढरी पडलेली. अंगावर बुरशीचे चट्टे. तरी हातातून निसटल्यावर तो समुद्राकडे वळला नाही, वरच्या दिशेनेच गेला. असा मासा खायला ठीकच असतो. ताजा हवा तर समुद्राच्या तोंडाशी पकडावा, तिथे तो अजून चंदेरी असतो.

जहाजावर बहुतेक वेळा कच्चा मासा घेत नाहीत. नदीवरच्या बहुतेक सहली पकडून सोडण्याच्याच असतात. समुद्रात पकडलेला मासा स्वच्छ करून, गोठवून अमेरिकेतल्या पत्त्यावर पाठवणारे लोक बंदरात आहेत, म्हणजे तिकडे कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्या फ्रीझरची सोय होते. मालवणपर्यंत मात्र नाही. आणि एक राहिलंच. आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण दोघांचं काही नातं नाही. चवीच्या बाबतीत मी रावसाच्या बाजूचा.

प्रश्न : धबधब्यावर उभं असलेलं अस्वल उडता मासा तोंडात झेलतं, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. ते ठिकाण कुठल्या बंदरावरून जवळ पडेल? (ठाणे)

कुठल्याच नाही. तो ब्रूक्स फॉल्स, कॅटमाई नॅशनल पार्कमधला. नेहमीची क्रूझ ज्या आग्नेय किनाऱ्याने जाते तिथून तो शेकडो किलोमीटर पश्चिमेला आहे. तुमचं जहाज व्हिटियर किंवा स्यूअर्डला संपत असेल तर अँकरेजला जाऊन तिथून विमानाने एका दिवसाची फेरी करता येते. त्यासाठी जुलै उत्तम, नाहीतर सप्टेंबर. माहितीपत्रकावर तो फोटो छापून आग्नेय किनाऱ्यावरच्या केचिकन बंदराची सहल विकणारे भेटतील, त्यांना ओढ्याचं नाव विचारा.

प्रश्न : आमच्याकडे लोक वाघापेक्षा अस्वलाला जास्त भितात. तिथे माणसं हसत फोटो काढतात, हे कसं? (चंद्रपूर)

तुमच्याकडची भीती रास्त आहे. मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्या माणसाला झुडपातलं अस्वल अचानक सामोरं येतं आणि ते पळून न जाता अंगावर येतं. वाघाच्या मुलुखात वाढलेला, झाडावर चढून पोरं वाचवू न शकणारा तो प्राणी. आधी हल्ला हाच त्याचा बचाव.

अलास्काच्या ओढ्यावरची गोष्ट निराळी. तिथे अन्न इतकं मुबलक असतं की अस्वलं एकमेकांनाही सहन करतात. मासे भरपूर असले तर अख्खा मासा खातसुद्धा नाहीत. अंडी, मेंदू, कातडी एवढं खाऊन उरलेलं टाकतात. अर्धवट खाल्लेले मासे रानात ओढून नेतात, त्यातूनच काठच्या झाडांना खत मिळतं. माणूस तिथे ठरल्या जागी, ठरल्या वेळी येतो आणि खायला काही देत नाही, म्हणून अस्वलाच्या लेखी तो लाकडाच्या ओंडक्यासारखा.

हा करार टिकतो तो खाण्याच्या नियमावर. अ‍ॅडमिरल्टी बेटावरच्या पॅक क्रीकला उतरल्या उतरल्या जवळचं सगळं खाणं पेटीत ठेवावं लागतं. एकदा आमच्या गटातल्या एका काकांनी निरागस चेहऱ्याने ‘काही नाही’ म्हणून सांगितलं. वाटाड्या तरुणी दोन पावलं पुढे गेली, थांबली, वळली आणि म्हणाली, कुणाकडे तरी मसाल्याचा वास येतोय. काकांच्या जाकिटाच्या आतल्या खिशातून बाकरवडीचा पुडा निघाला. तिला जर वास आला, तर अस्वलाचं नाक काय!

समोर आलंच तर पळायचं नाही. सगळ्यांनी एकत्र उभं राहायचं, नेहमीच्या आवाजात बोलायचं, हळूहळू मागे सरकायचं. हातात गळ असेल आणि मासा लागलेला असेल तर दोरी सैल सोडा, म्हणजे मासा तडफडून पाणी उडवणार नाही. त्या आवाजालाच अस्वल येतं. तरीही ते जवळ येत राहिलं तर दोरी कापा. मासा त्याला मिळू द्यायचा नाही. एकदा गळवाल्याकडून आयता मासा मिळाला की ते अस्वल पुढच्या प्रत्येक गळवाल्याकडे येतं, आणि त्या गोष्टीचा शेवट अस्वलाच्या जिवावर होतो.

अ‍ॅडमिरल्टी, बॅरानोफ आणि चिचागोफ या तीन बेटांवर फक्त तपकिरी अस्वलं. केचिकनच्या हेरिंग कोव्हला मुख्यतः काळी. रंगावर जाऊ नका, काळं अस्वल तपकिरी रंगाचंही असतं. खांद्यावर उंचवटा दिसला तर तपकिरी.

प्रश्न : आई-बाबा भारतातून येतायत. सहल जहाजाकडून घ्यावी की बाहेरून स्वस्तात? (न्यू जर्सी)

आधी व्हिसा. अमेरिकेत 1886 चा एक कायदा आहे, त्यामुळे सिअ‍ॅटलहून सुटून तिथेच परतणाऱ्या परदेशी नोंदणीच्या जहाजाला मध्ये एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं. ते बहुधा कॅनडातलं व्हिक्टोरिया असतं. भारतीय पासपोर्टवर आलेल्या आई-बाबांना त्या एका संध्याकाळसाठी कॅनडाचा व्हिसा लागेल. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून तुम्हाला लागत नाही, आणि म्हणूनच मुलं हे विसरतात. धक्क्यावरून परत फिरलेले आई-बाबा मी पाहिलेत.

सहलीबाबत माझा नियम साधा. रस्त्याने जायचं असेल, जवळ असेल, तर बाहेरून घ्या. छोटा गट मिळतो आणि वाटाड्या बोलतो. तरंगत्या विमानाने किंवा लांबच्या बोटीने जायचं असेल तर जहाजाकडूनच. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुम्ही स्वतः ठरवलेल्या सहलीसाठी थांबत नाही. घड्याळही बघा, अलास्काची वेळ सिअ‍ॅटलच्या एक तास मागे असते.

विमान म्हणजे पाण्यावर उतरणारं पाच-सहा जणांचं छोटं यंत्र. बसण्यापूर्वी प्रत्येकाचं वजन करतात, लाजू नका. 2019 च्या मे महिन्यात केचिकनजवळ क्रूझ प्रवाशांची अशी दोन विमानं हवेत धडकून 6 जण गेले. हे सांगतो ते घाबरवायला नाही. पण ढग खाली आले आणि सहल रद्द झाली तर वैमानिकाशी वाद घालू नका म्हणून. केचिकनला वर्षाला सुमारे 3800 मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वराला याहून जास्त, पण आपला चार महिन्यांत उरकतो. हा वर्षभर पुरवून पुरवून पडतो. छत्री नको, टोपीचं जाकीट आणा.

प्रश्न : सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांनी जहाजावरच बसावं का? (नाशिक)

अजिबात नको. अस्वलं बघायला नेतात तो अ‍ॅनन क्रीक ओढा टाळा, तिथे रानातून पाऊण-एक किलोमीटर चालावं लागतं आणि पायऱ्या आहेत. पॅक क्रीकला पाण्यातूनच किनाऱ्यावर उतरावं लागतं. जहाज स्कॅगवेला लागत असेल तर वेगवान बोटीने पाऊण तासात हेन्सला जा आणि तिथून गाडीने चिलकूट नदीवर. तळं आणि समुद्र यांच्यामधली ही नदी जेमतेम दीड किलोमीटर, आणि रस्ता काठाकाठाने जातो. नदीत आडवं कुंपण घालून सरकारी माणसं वर जाणारे सॉकाय एकेक करून मोजतात, आणि त्या कुंपणापाशी मासे तुंबतात हे अस्वलांना पाठ झालंय. मागच्या फेरीत एक मादी दोन पिल्लांना घेऊन आमच्या गाडीच्या पुढ्यातून रस्ता ओलांडून गेली. सासूबाईंना नदीच्या बाजूची खिडकी द्या आणि काच बंद ठेवा.